मिश्र लग्नाआधीचा चर्चवाल्यांचा कोर्स, कोल्हापूर: पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली वाचा

ज्यांना फक्त जाऊ का नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, जावा. पैसे वसूल आहेत. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, मला थोडक्यात लिहायला येत नाही.

तर हा लग्नाआधीच्या समुपदेशनाचा कोर्स, कोल्हापुरातल्या प्रॉटेस्टंट मंडळीतले (मंडळी म्हणजे आमच्याकडं चर्चचे सगळे सभासद) काही लोक चालवतात, शनिवारी संध्याकाळी, शाहूपुरीच्या बाजूला एका हॉलमध्ये. दोघंही ख्रिस्ती असला तरी चालतंय पण नाव झालंय ते मिश्र जोडप्यांमुळं, एक ख्रिस्ती आणि दुसरा हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन कोणीही. फी दोघांची मिळून हजार रुपये, त्यात चहा, खारी आणि एक झेरॉक्सची फाईल. गटाचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय, कारण मिश्र लग्न आणि चर्च हे दोन शब्द एका ठिकाणी दिसले की काही लोक पुढचं वाचायच्या आधीच स्क्रीनशॉट फिरवायला लागतात, आणि २०१८ च्या नाताळाच्या तोंडावर आपल्याच जिल्ह्यात कोवाडला प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर हल्ला झाला होता ते ख्रिस्ती घरांतून अजून कोणी विसरलेलं नाही. ओळखीच्या ख्रिस्ती घरात विचारा, पत्ता मिळतोय.

मी स्वतः ख्रिस्ती, आजोबा मिशन शाळेत मास्तर होते. होणारा नवरा कागलकडचा मराठा, घरात ऊस, म्हशी आणि चैत्रात जोतिबाचा गुलाल. ह्याची एकच अट होती, बाप्तिस्म्याचा, म्हणजे ख्रिस्ती व्हायच्या विधीचा, विषय निघाला की मी उठून जाणार, गाडीची किल्ली हातातच धरून बसला होता. विषय निघाला, अगदी सुरवातीलाच, आणि काढला तो पाळकबाईंनीच (पाळक म्हणजे चर्चचे पाद्री, इथं बाई आहेत). म्हणाल्या, लग्नासाठी म्हणून कोणाला बाप्तिस्मा हवा असेल तर मी देणार नाही, लग्न झाल्यावर दोनचार वर्षांनी डोकं थंड असताना या मग बोलू. ह्यानं किल्ली खिशात टाकली.

ह्याच्या पुढं त्यांनी टिळकांचं सांगितलं आणि मला तो भाग जाम आवडला. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आम्हाला रविवारच्या शब्बाथ शाळेपासून तोंडपाठ, त्यांची गाणी म्हटल्याशिवाय आमच्याकडं भक्ती पूर्ण होत नाही, पण ही गोष्ट घरात कधी निघाली नव्हती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडतो आणि देवाचा दरबार काढतो, ज्यात येशूला मानणारे सगळे एकत्र बसणार, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही. १९१९ मध्ये टिळक वारले. म्हणजे ज्याला आज आमच्यातले काही वडीलधारे नवीन पोरांची फॅशन म्हणतात ते शंभर वर्षांपूर्वी मराठीत करून झालं होतं आणि मग आम्हीच कुठंतरी माळ्यावर टाकून दिलं. कोर्सभर मला हेच परत परत दिसत राहिलं. ह्या लोकांनी बाहेरून नवीन काही आणलेलं नाही, माळ्यावरचं काढून धूळ झटकतायत, आणि झटकताना ज्याच्या नाकात जाईल तो शिंकतोय.

सुरवातीला इतिहासाच्या स्लाइडी आहेत, अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, मग शाळा, दवाखाने, मिरजेला डॉक्टर वानलेस, शाहू महाराजांनी जातीजातीची बोर्डिंगं काढली त्यात ख्रिस्ती पोरांसाठीही एक होतं वगैरे. बरं आहे. पण प्रोजेक्टर इतका जुना आहे की महाराजांचा फेटा हिरवा दिसत होता.

आता मेन गोष्ट, कायद्याचं सेशन. नुसत्या ह्याच्यासाठी हजार रुपये द्या. एक वकील मॅडम येतात, स्वतः ख्रिस्ती नाहीत, मंडळीशी काही देणंघेणं नाही, आणि अशा सपासप बोलतात की वहीत लिहायला हात पुरत नाही. आम्हाला वाटत होतं चर्चमध्ये लग्न म्हणजे दोघांनी ख्रिस्ती असलंच पाहिजे. तर तसं नाही. १८७२ चा जो भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे त्यात दोघांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी पुरतंय, अडतं ते पाळक तयार असण्यावर. दुसरा रस्ता १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, तिथं ३० दिवसांची नोटीस लागते, ती बोर्डावर लागते, आणि ज्या नातेवाइकापासून लपवायचं असतं त्याचाच मित्र नेमका त्या ऑफिसात सातबाराच्या कामाला येतो (हे मॅडमचं वाक्य, हॉल हसला पण जी जोडपी घरी न सांगता आली होती ती हसली नाहीत).

मग आला झटका. हिंदू एकत्र कुटुंबातला मुलगा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली ख्रिस्ती मुलीशी लग्न करतो तेव्हा १९ व्या कलमानं तो त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात. आणि पुढं त्याच्या मालमत्तेची वाटणी हिंदू वारसा कायद्यानं होत नाही, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं होते. ज्याच्या घरात ऊस आहे आणि सातबारावर अजून आजोबांचं नाव आहे त्या माणसाचा चेहरा मी ह्यावेळी शेजारून बघितला. मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं, मृत्युपत्र नसलं आणि मुलंबाळं असली तर बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश, मुलगा मुलगी सारखंच. इथवर ठीक. पण मूलबाळ नसलं तर अर्धं बायकोला आणि अर्धं मेलेल्याच्या रक्ताच्या नात्यात, आणि त्या अर्ध्यात बाप जिवंत असेल तर सगळं बापाला, आईला शून्य. हा म्हणाला मग माझ्या आईला काय? मॅडम म्हणाल्या म्हणून तर सांगतेय, मृत्युपत्र करा. आईला शून्य ठेवणारा कायदा एवढी वर्षं आमच्या लोकांना लागू आहे आणि रविवारी चौथी आज्ञा की पाचवी आज्ञा म्हणून आईबापाचा मान राख हे आम्ही पाठ म्हणतो, मंडळीत ह्यावर एक शब्द ऐकलेला मला तरी आठवत नाही.

घटस्फोटाचं पण शिकवतात. हो, लग्नाच्या कोर्समध्ये. ह्यावरून मंडळीत भांडण झालं होतं म्हणे, काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं की नवरानवरीला हे कशाला, अपशकुन आहे (ख्रिस्ती माणूस अपशकुन म्हणतोय, असो). पण मला हे फार गरजेचं वाटलं. १८६९ चा कायदा होता, त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की घटस्फोट, आणि बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरायचा नाही, त्याच्या जोडीला क्रूरपणा नाहीतर टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करायचं. कायद्याच्या पुस्तकात हे २००१ पर्यंत होतं! २००१! आमच्याकडं तेव्हा केबल टीव्ही येऊन जुनी झाली होती. माझी एक मावशी त्या आधीच्या काळात माहेरी परत आली आणि कागदावर बाई लग्नाचीच राहिली, कारण कोर्टात उभं राहून जे सिद्ध करायचं ते तिला जमण्यासारखं नव्हतं, आणि मंडळीतले लोक तिला प्रार्थना कर म्हणायचे. २००१ च्या दुरुस्तीनं दोघांना सारखी कारणं मिळाली आणि संमतीनं वेगळं व्हायची सोय आली, तरी कलमात दोन वर्षं वेगळं राहायची अट आहे आणि हिंदू विवाह कायद्यात ती एकच वर्षाची आहे. ख्रिस्ती बायकांच्या संघटना ह्यासाठी वर्षानुवर्षं मागं लागल्या होत्या हे मॅडमनी आवर्जून सांगितलं, कारण आमच्यात एक सवय आहे, बायकांनी भांडून मिळवायचं आणि नंतर चर्चमध्ये साक्ष देताना प्रभूनं केलं म्हणायचं. प्रभूनंच केलं असेल. पण अर्ज कोणी टाईप केले तेही सांगावं.

एक जुने वडीलधारे गृहस्थ आहेत, ते बायबलमधलं इफिसकरांस पत्र घेऊन येतात आणि बायकोनं नवऱ्याच्या अधीन असावं ह्यावर बोलतात. खूप बोलतात. मला वाटलं हा कोर्सचा पडलेला भाग, पण नाही, त्यांना मुद्दाम ठेवलंय असं वाटतंय, कारण ते बसले की पाळकबाई उठतात आणि त्यांच्या समोरच सांगतात की आता दुसरी बाजू. त्या दिवशी त्यांनी पंडिता रमाबाईंचं काढलं. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच ज्या जोगिणींनी, म्हणजे चर्चच्या नन बायकांनी, सांभाळलं त्यांच्याशीच पत्रापत्रीतून वाद घातला, की माझ्या विवेकावर हुकूम कोणाचा, तुमचा का देवाचा. गृहस्थ म्हणाले रमाबाई वेगळ्या, सगळ्याच कुठं रमाबाई असतात. मागून एक पोरगी म्हणाली काका संधी तर द्या. दोघंही नंतर एकाच प्लेटमधली खारी खात होते. सूचना एकच, ह्या सेशननंतर लगेच वेळ संपवू नका, लोकांना भांडायला अर्धा तास द्या.

सगळ्यात भारी माणूस म्हणजे टीममधल्या एक मावशी, रिटायर नर्स, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी एक प्रश्न विचारला, तुमच्या लग्नात हळद पहिली कोण लावणार? सगळे म्हणाले आई, काकू, मामी. मावशी म्हणाल्या, त्यातली कोणी विधवा आहे? हॉल गप्प. आमच्याकडं कुंकू पुसणं बांगड्या फोडणं नाही म्हणून आम्ही स्वतःला पुढारलेले समजतो, पण हळदीला विधवा बाई मागंच उभी असते आणि तिला कोणी ये म्हणत नाही हे मी स्वतः किती लग्नांत बघितलंय. मावशी म्हणाल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव करून विधवा प्रथा बंद केली, सरकारनं मग सगळ्या राज्याला ते पाठवलं, आणि आपण चर्चवाले अजून कमिटी नेमायची का ह्यावर विचार करतोय. शाहू महाराजांनी १९१७ लाच विधवेच्या लग्नाला कायदा दिला त्या गावात आपण राहतोय. माझी हळद कोण लावणार ते ठरलं, आईला फोन करून तिथूनच सांगितलं. आई म्हणाली घरी ये मग बोलू. बोलणं झालं. माहेरी परत आलेल्या माझ्या त्या मावशीला बोलावलंय.

आता तो एक स्टार. जातीचं सेशन, टीममधले एक सर घेतात. अगदी रडकं. ख्रिस्तात भेद नाही म्हणून बायबलमधल्या गलतीकरांस पत्राची एक स्लाइड, एक प्रार्थना, चला पुढं. एका बौद्ध मुलानं हात वर केला, त्याची होणारी बायको ख्रिस्ती, म्हणाला सर भेद नाही तर हिच्या घरी मला पूर्वाश्रमीचे कोण असं का विचारलं, आणि माझ्याआधी आलेल्या ख्रिस्ती स्थळांनापण तेच विचारलं होतं म्हणे. सर म्हणाले ती काही घरांची वैयक्तिक गोष्ट आहे. बास? इथं बोलायला केवढं आहे. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना, मग १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आत घेतले, ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. म्हणजे ह्या दोघांचे पणजोबा एकाच गावकुसाबाहेरच्या वस्तीतले असले तरी त्याच्याकडं दाखला आहे आणि तिच्या भावाकडं नाही, आणि लग्नात मात्र दोघांनाही तोच प्रश्न विचारतात. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मळ १९८१ ला बंगळूरच्या थिऑलॉजिकल कॉलेजात दलितांच्या बाजूनं देवाचं शास्त्र मांडायला हवं म्हणून जे बोलले त्यावर पुढं जगभर पुस्तकं निघाली, आणि इथं आपल्या हॉलमध्ये आपल्याच पोरांपुढं पाच मिनिटांची स्लाइड. आमच्या बहुतेक कुटुंबांचा इतिहासच हा आहे, तो लपवून समुपदेशन कसलं करणार. फीडबॅक फॉर्मवर मी हेच लिहिलंय, जरा जास्त तिखट भाषेत.

अर्धा स्टार आणखी कापणार होते पण नाही कापला. एकानं विचारलं, दोन पोरं किंवा दोन पोरी आल्या तर त्यांना बसवाल का? कायद्याचं मॅडमनी सांगितलं, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान लोकांचं संमतीचं नातं गुन्ह्याबाहेर काढलं, ऑक्टोबर २०२३ ला लग्नाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला. चर्चचं काय ह्यावर सर खाली बघायला लागले. पाळकबाई म्हणाल्या, मंडळी तयार नाही, मी तयार आहे, कोर्सला बसायला कोणी आलं तर खुर्ची देईन, लग्न लावायचा अधिकार माझ्या एकटीचा नाही. गोल गोल उत्तर दिलं असतं तर मी स्टार कापला असता.

एक दिवस घरच्यांना आणायचा असतो. माझी आजी आली, ह्याची आई आली. सासूबाई आल्या आल्या पाळकबाईंना म्हणाल्या, तुमचे मिस्टर कुठल्या चर्चला असतात? त्या म्हणाल्या ते विमा कंपनीत आहेत, चर्चला मी असते. सासूबाईंना हे फारच आवडलं. मग त्यांनी विचारलं बायका आता मोठ्या पदावरपण जातात काय, तर दक्षिणेतल्या मंडळीत २०१३ मध्ये बाई बिशप झाली हे ऐकून त्या म्हणाल्या आमच्या साखर कारखान्यात अजून नाही झाली. नंतर खरा प्रश्न आलाच, नातवंडाचं जावळ काढायचं का बाप्तिस्मा करायचा? टीमनं उत्तर दिलं नाही, त्यांचं धोरणच आहे की असल्या गोष्टी दोघांनी कागदावर लिहायच्या आणि घरी भांडायचं. पण आमची आजी कुठली गप्प बसतेय, म्हणाली आधी जावळ काढा मग चर्चला न्या, केस कापल्यावर डोक्याला पाणी चांगलं लागतंय. पाळकबाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. वडीलधारे गृहस्थ बाहेर गेले.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. खाण्यापिण्याचा एक तक्ता भरून घेतात, फालतू वाटतो पण भरा, आमच्या लेंटचे (ईस्टरआधीच्या उपासांचे) ४० दिवस, त्यांचा श्रावण, सोमवार आणि चतुर्थी असं सगळं मांडल्यावर मटणासाठी किती दिवस उरतात हे बघून कोल्हापूरचा माणूस खरोखर हादरतो, आम्ही तर तिथंच तह केला. मंगळसूत्राच्या वाटीत क्रॉस घालायचा का ह्यावर वेळ घालवू नका, सोनाराला सगळं माहीत असतंय. गाणी उपासना संगीत ह्या आमच्या जुन्या गीतपुस्तकातली पण ढोलकी-टाळावर, गिटारवाल्या पोरांना ते कमी पडतंय, म्हाताऱ्यांना जास्त होतंय, मला बरोबर वाटलं. डास आहेत. वेळेवर कधीच सुरू होत नाही, सहा म्हणजे साडेसहा. पार्किंग रस्त्यावरच, शनिवारी स्टेशन रोडला गाडी लावायची म्हणजे नशीब, केएमटीच्या बसनं गेला तर बरं. टीममध्ये नुसते सुशिक्षित नोकरदार आहेत, हातकणंगले गडहिंग्लजकडच्या खेड्यातली जोडपी आली की त्यांना थोडं बुजल्यासारखं होतं, एखादा गावाकडचा माणूस घ्यायला पाहिजे.

कोणी जाऊ नये: ज्यांना चर्चमध्ये लग्नासाठी फक्त सर्टिफिकेट हवंय ते. इथं देतात पण गैरहजर राहिला तर देत नाहीत, आणि प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाहीत. माझी वसईची कॅथलिक मैत्रीण म्हणते त्यांच्याकडं असा कोर्स करावाच लागतो आणि बरेच जण शिक्का मिळण्यापुरतं बसतात, इथं तसं जमणार नाही.

आणि जाणार असला तर दोघांच्या घरच्या जमिनीचे सातबारे मोबाईलमध्ये ठेवा, वकील मॅडम चहाच्या वेळी फुकटात बघून देतात. मृत्युपत्राचा मराठी नमुना पण त्यांच्याकडं आहे, फाईलमध्ये नसतो, मागून घ्यायचा. आम्ही घेतला. ह्याच्या आईचं नाव त्यात पहिलं टाकलंय.